वजन किती टाकणार

वाढे फाट्याच्या अलीकडं, टायरवाल्याच्या मागं,
गजबर मुजावरच्या शेडमध्ये
माझी जीप जॅकवर चढवलेली
आणि तिचे पाटे खाली फरशीवर,
मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं,
फोटोला उभं केलेल्या कुटुंबासारखे.

दुसऱ्या नंबरचा मोडलाय.
गजबर एकेकावर हातोडी टेकवत जातो.
धडका पाटा खणकन बोलतो,
मोडका नुसता बद्द.
कुंभारणीपुढं बसून माठ वाजवावा, तसं.

बायको कधीची म्हणत होती, गाडी उजवीकडं झुकते.
मी म्हणायचो, रस्ता झुकतो.

नवा सेट घ्या, गजबर सांगतो, नऊ पाट्यांचा,
हत्ती बसवा वर.
नाहीतर भंगारातले आहेत, कराडच्या एका गाडीचे,
डॉक्टरची होती, फार हिंडली नाही.
नाहीतर हेच भट्टीत घालून कमान देऊ,
पण भट्टीतनं आणलेली कमान म्हणजे पाव्हणी,
सहा महिने राहते आणि जाते.

मग चिंधीला हात पुसत विचारतो,
वजन किती टाकणार?

दहा-बारा माणसं, मी म्हणतो. मागं लटकलेली दोन.
बामणोलीपर्यंत डांबर, पुढं जांभा आणि नशीब.
म्हणता म्हणता सगळी चढून बसतात:
तांबीची बाळंतीण, तिच्या आईच्या हातात चिमणी,
धुक्यात माझ्यापुढं चालत रस्ता दाखवणारा तिचा नवरा,
मतपेटीवर डोकं ठेवून घोरणारा हवालदार,
एका वऱ्हाडातला क्लॅरोनेटवाला,
जो वाद्य मांडीवर घेऊन पोरासारखं थोपटत होता,
आणि कोंबड्या, त्यांचा हिशेबच नाही.

गजबर सगळं ऐकून घेतो.
वाकून मागच्या बाकाखाली हात घालतो,
जाळ्यासकट एक वाळलेलं पान काढतो, करवंदीचं.
कधीची गोष्ट? म्हणतो.

आता वर एसटी जाते.
पोरांकडं मोटरसायकली आहेत.
माझ्या मागं मधाच्या चार पेट्या, स्टेपनी,
आणि एक पाण्याचा कॅन, तोही निम्मा.

कडक पाटे रिकाम्या गाडीला उडवतात, तो समजावतो,
कासपर्यंत एकेक मणका मोजत जाल.
मऊ घातले आणि भरली, तर खाली बसणार,
चाक मडगार्डला घासणार.
म्हणून रोजचं सांगा, साहेब.
एखाद्या दिवसाचं नको.

माझ्याच कमरेला गेल्या दिवाळीपासून पट्टा आहे.
चार पेट्या, मी म्हणालो. आणि आम्ही दोघं.
म्हणालो आणि कान देऊन राहिलो,
खणकन आलं की बद्द.

नव्या सेटातले दोन पाटे त्यानं काढले, सातावर बांधलं.
नवे बुश, नवा सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आवळताना
त्याच्या पोरानं पान्यावर पाय देऊन उडी मारली.
काढलेले दोन गोणपाटात गुंडाळून
बाकाखाली सरकवले, पान होतं तिथंच.
असू द्या, म्हणाला. कधी माणसं न्यावी लागली
तर अर्ध्या तासाचं काम.
हे बिलात नव्हतं.

मोडका तुकडा मी मागून घेतला.
आमचा लोहार पाट्याचाच कोयता करतो,
दुसरं लोखंड धार धरत नाही म्हणतो.

यवतेश्वरच्या चढावर तो नेहमीचा खड्डा आला.
मी सवयीनं दात आवळले, स्टेअरिंग गच्च धरलं.
खड्डा गेला.
बराच पुढं आल्यावर दात सोडले.

अंगणात बायको गाडीभोवती फिरली,
मान तिरकी करून, एक डोळा मिटून,
भिंतीचा ओळंबा बघावा तशी.
अजून झुकतेच की उजवीकडं.

मी खाली उतरलो.
आता बघ, म्हणालो.